गोळी, काडतूस, पुंगळी, बार

निपाणीहून प्रश्न:

काका, मोठ्या कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर किंवा रायफल घेऊन शिकार करणाऱ्यांनी बुलेट कशी निवडावी, यावरचा एक अमेरिकी लेख मराठीत आणतोय. सगळीकडे 'गोळी' लिहून भागेल का? बातम्यांत 'जिवंत काडतूस' वाचतो, गल्लीतले माजी सैनिक 'राउंड' म्हणतात, चिकोडीकडचे कन्नड मित्र 'गुंडू'. तुमच्या घरी बंदूक होती, म्हणून तुम्हालाच विचारतो.

खानापूरहून उत्तर:

नाही भागणार, बाळा. लेखात निवड चाललीय ती नळीतून सुटून जनावरापर्यंत पोचणाऱ्या तुकड्याची. गोळी म्हणजे तेवढीच. पितळी पुंगळी, आतली दारू, बुडाची ठिणगी देणारी टोपी आणि तोंडाशी बसवलेली गोळी, हे चारही मिळून काडतूस. फौजींचा राउंड तो हाच. बार उडाला की मागं उरते ती रिकामी पुंगळी. पोलीस पंचनाम्यात हा शब्द अजून टिकून आहे, तो सोडू नकोस.

आजोबांची बंदूक ठासणीची, पीक राखायच्या परवान्यावरची. त्यांच्या बोलण्यात घोळ नव्हता, कारण वस्तूच सुट्या होत्या. नळीत दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजानं ठासायचं. टोपी अगदी शेवटी. ते पळीत शिसं वितळवून साच्यात ओतायचे. गार झालेली गोळी बाहेर काढली की साच्याच्या जोडाची कड तिच्या पोटावर उमटलेली असायची, ती कानशीनं घासून टाकायची. नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ शिसं. भरून तयार बंदुकीला मात्र एकच शब्द: "बार भरलाय, पोरांनो लांब व्हा." पुढं काडतुसाची बंदूक आली, चार वस्तू एका पुंगळीत गेल्या आणि आपण सगळ्यालाच गोळी म्हणू लागलो. काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडचा, आपल्या चोर्ला घाटाखालचा, गोव्याकडचा म्हण ना. आणि 'बंदूक' शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ आधी एक कवचाचं फळ, मग तसली वाटोळी गोळी. म्हणजे हत्याराला नाव मिळालं ते गोळीवरून!

निपाणीहून:

हे पटलं. पण पसरणाऱ्या बुलेटला मी 'प्रसरणशील गोळी' लिहिलंय. ठीक आहे ना?

खानापूरहून:

काढून टाक तो शब्द. प्रसरण शाळेच्या पुस्तकात उष्णतेनं होतं. ही गोळी आत शिरल्यावर पुढून उमलते, म्हणून 'फुलणारी गोळी'. तांब्याच्या आवरणातून शिशाचं टोक उघडं ठेवलेली ती मऊ टोकाची, टोकाला खळगा असलेली ती पोकळ टोकाची. माणसांच्या युद्धात अशी गोळी वापरायची नाही, असं १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात ठरलं. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून तिला दमदम म्हणायचे. शिकारीत मात्र हरणासारख्या जनावराला ती पसंत करतात, जखम मोठी होऊन ते लवकर पडतं, तडफडत राहत नाही.

रिव्हॉल्व्हरचं गणित वेगळं. '४४ मॅग्नम' या दणकट रिव्हॉल्व्हर-काडतुसाची २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण १,४०० फुटांनी जाते, रायफलीची १८० ग्रेनची २,७०० च्या घरात. कमी वेगात गोळी नीट फुलेल याची खात्री नसते, आणि फुललीच तर खोलवर जात नाही. म्हणून रिव्हॉल्व्हरनं अस्वलासारखं मोठं जनावर मारणारे सपाट टोकाची टणक गोळी घेतात. शिशात कथील आणि अँटिमनी घालून ती कडक केलेली असते. हिला 'कठीण' म्हणू नकोस, 'टणक' म्हण. हाताला लागतो तो शब्द.

लेखाच्या वर एक ओळ ठळक टाक: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. आमच्या तालुक्यातलं भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. आजोबांची बंदूक शेवटची कित्येक वर्षं निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला तेवढी खाली उतरायची.

निपाणीहून:

आणि ग्रेनचं काय करू? ग्रॅममध्ये लिहू?

खानापूरहून:

ग्रेन ठेव, कंसात तोळे दे. १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक जुना तोळा, आजचा दहा ग्रॅमचा नव्हे. २४० ग्रेनची गोळी भरते एक तोळा चार मासे. शहापूरच्या सराफ गल्लीत जुन्या तोळ्याची वस्तू तळहातावर घेऊन बघ, मग पुढचं वाक्य लिही.