विंचीचा 'आर्तासेर्से': बायकांच्या भूमिकाही पुरुषांनीच का गायच्या?

जवारी: अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार लिओनार्दो विंची (चित्रकार दा विंची नव्हे) याच्या 'आर्तासेर्से' या ऑपेराचं २०१२ मध्ये आलेलं ध्वनिमुद्रण (संचालक दिएगो फासोलिस, वाद्यवृंद कॉन्चेर्तो क्योल्न) पुन्हा ऐकलं. सहापैकी पाच भूमिका काउंटरटेनरांकडे, म्हणजे बायकांच्या उंचीच्या स्वरात गाणाऱ्या पुरुषांकडे. मांदाने आणि सेमिरा या दोन्ही नायिकाही पुरुषच गातात, कारण १७३० साली रोममध्ये पहिला प्रयोग तसाच झाला. पण तो तसा का झाला? पोपच्या राज्यात बायकांना रंगमंचावर मनाई होती म्हणून! मनाई गेली, तरी गायिकांच्या जागा अडवून ठेवायच्या? शिवाय तेव्हाचे गायक कास्ट्राटो होते. लहानपणच्या खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचं स्वरयंत्र मुलाचंच राहायचं, छाती मात्र वाढलेल्या माणसाची. काउंटरटेनर मुख्यतः फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीचा आवाज सोडून वरच्या पातळ आवाजात गातो. अस्सलपणाचा दावा टिकतो कुठे?

तारसप्तक: अस्सलपणाचं राहू द्या, गाणं ऐका. बापाने राजाचा खून करून रक्ताळलेली तलवार आर्बाचेच्या हाती दिली आहे. खरं बोलावं तर बाप मरतो, गप्प राहावं तर स्वतः. अशा वेळी तो पहिल्या अंकाच्या शेवटी 'वो सोल्कांदो' गातो: क्रूर समुद्र, ना शीड, ना दोर. ही भूमिका गाणारा फ्रांको फाजोली वरच्या तानांतून थेट छातीच्या आवाजात उतरतो आणि पुन्हा वर चढतो. अंगावर काटा येतो. आणि सगळ्यांत एकच टेनर (नेहमीच्या पुरुषी आवाजात उंच गाणारा) ठेवलाय, तोही खुनी बाप आर्ताबानो. तो तोंड उघडतो तेव्हा वेगळा माणूस आल्याचं लगेच कळतं.

जवारी: आर्बाचेबद्दल माझी तक्रारच नाही. मांदाने आणि सेमिरा बायकांनी गायल्या असत्या तरी आर्ताबानो तितकाच वेगळा वाटला असता.

खर्जप्रेमी: संवादाच्या भागात हातात संहिता नसेल तर कोण बोलतंय हेच कळत नाही. रंगमंचावर पोशाख तरी दिसतो, ध्वनिमुद्रणात काय?

तारसप्तक: मांदाने गाणाऱ्या चेन्चिचचा आवाज गडद, आर्तासेर्से गाणाऱ्या जारूस्कीचा हलका. दोनदा ऐकलं की ओळखू येतात.

मींड: त्याच काळातल्या हँडेल या संगीतकाराचं उदाहरण बघा. १७२० च्या एप्रिलमध्ये लंडनला त्याचा 'रादामिस्तो' हा ऑपेरा आला तेव्हा सेनेसिनो हा कास्ट्राटो अजून पोचला नव्हता. नायक गायला मार्गेरिता दुरास्तांतीने. डिसेंबरात सेनेसिनो नायक झाला आणि तीच बाई त्याची बायको झेनोबिया म्हणून उभी राहिली. हँडेलच्याच 'जुलिओ चेझारे' (ज्युलियस सीझर) या ऑपेरातला तरुण सेस्तोही आधी तिनेच गायला. १७२५ मध्ये ती भूमिका बोरोसिनी या टेनरकडे गेली, तेव्हा हँडेलने त्याच्यासाठी नवी गाणी रचली. उलट संचालक कार्ल रिख्टरच्या याच ऑपेराच्या ध्वनिमुद्रणात सीझर फिशर-डीस्काऊ या खालच्या आवाजाच्या गायकाला दिला आणि त्याचं सगळं गाणं एक सप्तक खाली ओढलं. सेनेसिनोसाठी लिहिलेली ओळ वाद्यांच्या खाली बुडते. म्हणून मी आधी स्वराची उंची बघेन, गाणारा बाई आहे की बुवा हे नंतर.

तारसप्तक: बरोबर! बाई नायक गाऊ शकते तर चेन्चिचने मांदाने का गाऊ नये?

जवारी: जरूर गावी. पण मींड म्हणतात तो न्याय खरंच लावायचा, तर पाच उंच भूमिकांपैकी एकही गायिकेच्या वाट्याला येऊ नये? पाचही पुरुषांनाच मिळाल्या, त्या स्वराची उंची बघून नव्हे, तर पोपची मनाई बघून. माझा आक्षेप एवढ्यावरच आहे.