२० हजारात नवा फोन की सेकंडहँड वरच्या क्लासचा फोन? मी म्हणतो नवाच, अन् नागपूरचं ऊन पाहून घ्या

हिंगणा रोडवाला:
घरी आठ दिवसांपासून हाच विषय चालू आहे म्हणून इथे टाकतो. माझा फोन चार वर्षांचा झाला, मागच्या महिन्यात अपडेट मारलं अन् स्क्रीनवर हिरवी उभी रेघ आली, आता बाजूला दुसरी पण येऊन राहिली. नवीन घेणं आलंच. बजेट २० हजार, ताणून २२. धाकटा भाऊ म्हणते तेवढ्यात सेकंडहँड आयफोन १२ येते, तोच घे, मग काही पाहायची गरज नाही. माझं मत एकदम उलटं. नवाच घ्यायचा, साधा घ्यायचा, पण जास्त वर्षं अपडेट देणारा घ्यायचा.

कारण सांगतो. माझं काम दिवसभर गाडीवर, मेडिकल स्टोअरच्या ऑर्डरी घेतो, नागपुरात सदरपासून पार वाडीपर्यंत. मागच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता फोन होल्डरला लावलेला, मॅप चालू, पॉवरबँक जोडलेली, अन् स्क्रीन आपोआप एवढी डिम झाली की रस्ता दिसेना, चार्जिंग बंद पडली, वरून दुकानदारांचे फोन येऊन राहिले. मला वाटलं फोन गेला. मग वाचलं तर ॲपल स्वतःच लिहून ठेवते की आयफोन ० ते ३५ डिग्रीच्या हवेत वापरा, अन् नुसता ठेवायचा असला तरी ४५ च्या वर नको. आपल्याकडे मार्चमध्येच पारा ३५ च्या पुढे जाते, २०१३ च्या मे महिन्यात तर ४७.९ झालं होतं. म्हणजे ज्या हवेसाठी फोन बनते ती हवा आपल्याकडे वर्षातले तीन-चार महिने दिवसा नसतेच.

म्हणून मी तीनच गोष्टी पाहतो. बॅटरी किती अन् किती ताजी, स्क्रीन उन्हात दिसते का, अन् अपडेट किती वर्षं. सॅमसंगने २०२४ मध्ये ए१६ फाइव्ह जी आणला तेव्हा सहा अँड्रॉइड अपग्रेड, म्हणजे सहा वेळा नवी सिस्टिम, देऊ म्हणून सांगितलं, तो काही महागातला फोन नाही. बाकी दुकानात जे ओरडून सांगतात ना २०० मेगापिक्सेल, त्यात नेहमीचा फोटो काढला की १६ पिक्सेल जोडून एक करतात, हातात येते साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. अन् "८ अधिक ८ रॅम" मधली दुसरी ८ ही रॅमच नाही, स्टोरेजमधली जागा उसनी घेतलेली असते, ती खऱ्या रॅमपेक्षा खूप हळू. हे लोकांना कोणी सांगत नाही याचा मला खरंच राग येते.

जुनं ते सोनं:
भाऊ तुझं मेगापिक्सेलचं अन् रॅमचं शंभर टक्के बरोबर. पण गरमीचा मुद्दा तू चुकीच्या जागी लावून राहिला. ० ते ३५ हे फक्त आयफोनचं नाही, सॅमसंग पण तेच सांगते. लिथियम बॅटरी सगळ्यांचीच सारखी, ऊन तिला ब्रँड पाहून लागत नाही. म्हणजे नवा अँड्रॉइड घेतला तरी मे महिना तोच आहे ना?

आणि अपडेटचं सांगतो. आयफोन ११ हा २०१९ चा फोन, त्याला २०२५ मध्ये आयओएस २६, म्हणजे आयफोनची नवी सिस्टिम, मिळालं. हे होऊन गेलेलं आहे, पुढचं वचन नाही. तुझ्या स्वस्त फोनला सहा अपग्रेड मिळतील पण त्याचा प्रोसेसर आजच कसाबसा ओढते, चौथ्या अपग्रेडला फोन उघडून तू चहा पिऊन येशील तरी कॅमेरा सुरू नाही होणार. नुसतं अपडेट मोजून काय फायदा, ते पेलवायची ताकद पण पाहा. वरच्या क्लासचा तीन वर्षं जुना फोन अजूनही नव्या स्वस्त फोनच्या पुढे पळते. माझ्याकडे दोन सेकंडहँड झाले, एकदाही पस्तावा नाही.

हिंगणा रोडवाला:
दादा ताकदीचा मुद्दा मानतो, त्यावर मी पण अडकलो आहे. पण आयफोन १२ ची बॅटरी २८१५ एमएएच, नवी असताना! त्यात ती पाच वर्षं वापरलेली. ॲपलच सांगते की आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० सायकलला (एक सायकल म्हणजे शंभर टक्के चार्ज वापरून होणं) ८० टक्के राहील असं डिझाइन आहे, १००० सायकलचं आयफोन १५ पासून. अन् ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग पण १५ पासूनच. माझा दिवस सकाळी आठ ते रात्री आठ, मॅप चालूच. दोनदा चार्ज करावा लागला म्हणजे भर उन्हात चार्ज करावा लागला, अन् तिथेच सगळी गरमी आहे. ऊन सगळ्यांना सारखं हे बरोबर, पण ज्याला दुपारी चार्जिंगची गरजच पडत नाही तो फोन कमी तापते. शिवाय २०१८ चे आयफोन एक्सआर अन् एक्सएस आयओएस २६ मधून गळले, म्हणजे सात वर्षं. तो हिशेब धरला तर १२ ला २०२७ पर्यंत. दीड-दोन वर्षांसाठी २२ हजार कशाला घालू?

केकवाली गोकुळपेठ:
दोघंही कॅमेऱ्याला एवढं हलक्यात घेताय ते मला पटत नाही. माझ्या केकच्या सगळ्या ऑर्डरी फोटोवर येतात, फोटो पिवळा आला की चॉकलेटचा केक करपल्यासारखा दिसतो आणि ऑर्डर जाते. मेगापिक्सेल सोडा, मान्य, पण सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, किती मोठा आहे आणि ओआयएस, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरणारी सोय, आहे की नाही हे तर पाहाल की नाही? संध्याकाळी घरच्या लाइटमध्ये ओआयएस नसलेल्या फोनचा फोटो हलतो म्हणजे हलतोच. मागे तीन-चार डोळे दाखवतात त्यातला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा, म्हणजे नुसती जागा भरलेली असते, मी तो एकदा वापरला आणि परत कधी उघडला नाही. मी दीड वर्षापूर्वी वरच्या क्लासचा जुना फोन घेतला, आणि घेतला तोच बरोबर होता. ज्याचं पोट फोटोवर आहे त्याने नवा स्वस्त फोन घेऊ नये, एवढं माझं ठाम मत.

आणि हिंगणा रोडवाले दादा, तुम्ही फोन गाडीच्या होल्डरला लावता ना, ॲपलने २०२१ मध्येच सांगून ठेवलंय की मोटरसायकलच्या इंजिनच्या जोरदार कंपनाने ओआयएस आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतो. चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेतलात तर आधी कंपन कमी करणारा होल्डर घ्या.

महालकर काका:
मी तुमच्यापेक्षा वयाने मोठा असेन म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही सगळे फोनबद्दल बोलताय, फोन ज्यासाठी असतो त्याबद्दल कोणीच नाही. आमच्या महालातल्या वाड्याच्या भिंती हातभर जाड, आत रेंज मरते. सिग्नल ज्या लहरींच्या पट्ट्यावर येतो त्याला बँड म्हणतात, फाइव्ह जीचा ७०० मेगाहर्ट्झचा बँड भिंतीतून बरा शिरतो, आणि २०२२ च्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी तो फक्त जिओने घेतला. तुमच्या सिमचे बँड फोनमध्ये आहेत का हे खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर पाहून घ्या. हे मी स्वतः न पाहता घेऊन बसलो आणि दोन वर्षं गॅलरीत उभा राहून बोललो.

दुसरं, नो कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहिलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते कुठेतरी लपवलेलं असतं. व्याजाइतकी सूट आधी दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच कार्डावर पडते. रोख पैसे असतील तेवढ्याचा फोन घ्यावा. माझं तर म्हणणं दहा-बारा हजारांचा घ्या, चालेल तितकं चालवा, बदला.

हिंगणा रोडवाला:
काका बँडचं माझ्या डोक्यातच नव्हतं, यादीत टाकलं. पण बऱ्याच दहा हजारवाल्यांना सिक्युरिटी अपडेट लवकर बंद होतात, अन् माझ्या फोनवर रोजचे हजारो रुपये यूपीआयने येतात-जातात. तिथे मी रिस्क नाही घेणार.

बर्डीचा रिपेअरवाला:
बारा वर्षांपासून बर्डीत काउंटरवर बसतो, मला पण बोलू द्या. एप्रिल लागला की माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्या सुरू होतात, मागचं पॅनल उचललेलं, लोक म्हणतात काहीच केलं नाही. विचारलं तर फोन गाडीच्या डिक्कीत होता, गाडी उन्हात. नवा असो की जुना, डिक्कीत ठेवला की संपला. रात्री कूलरसमोर चार्ज करा, दिवसा नका करू, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आता जुनं ते सोनं भाऊला सांगतो, सेकंडहँड वाईट नाही पण तुमचं नशीब चांगलं होतं. माझ्याकडे दर आठवड्याला असा फोन येते ज्याची स्क्रीन डुप्लिकेट, घेणाऱ्याला पत्ताच नाही. आयफोन १२ अन् पुढच्यात सेटिंगमध्ये जनरल, मग अबाऊट, तिथे पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्ट्री येते, स्क्रीन-बॅटरी बदलली असेल तर लिहून असते. तिथे "अननोन पार्ट" दिसला की भाव पाडा नाहीतर उठून या. जुन्या मालकाचा ॲपल आयडी समोर काढून घ्या, घरी गेल्यावर नाही. अन् स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, घ्या, केवायएम लिहून स्पेस देऊन तो १५ आकडी नंबर १४४२२ ला एसएमएस करा, चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर तिथेच कळते. हे न करता घेतला अन् ब्लॉक निघाला तर मी काही करू शकत नाही, बिल नाही, माणूस फोन उचलत नाही, रडत येतात लोक.

अन् आयपी६८, म्हणजे पाणी-धूळ शिरत नाही या शिक्क्यावर, कोणी जाऊ नका. एकदा मागचं पॅनल उघडलं की फॅक्टरीचं सील गेलं, सेकंडहँडमध्ये तर धरूनच चाला की गेलं. नव्यात पण पाणी शिरलं तर वॉरंटीत बसत नाही.

नव्यावाल्यांना एकच. घ्यायच्या आधी त्या मॉडेलच्या स्क्रीनचा अन् बॅटरीचा भाव विचारा, अन् पार्ट किती दिवसांत येते ते विचारा. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की मॉडेल विकणं बंद झाल्यावरही पार्ट सात वर्षं द्यायचे, अपडेट पाच वर्षं द्यायचं अन् बॅटरी ८०० सायकलला ८० टक्के राहिली पाहिजे. आपल्याकडे असं बंधन नाही, म्हणून तुम्हालाच विचारावं लागते. मी असे फोन पाहिले की फोन १४ हजारचा अन् स्क्रीन ७ हजारची, ती पण महिनाभर येत नाही.

जुनं ते सोनं:
पार्ट्स हिस्ट्री मी पाहतो दादा, १४४२२ वालं माहीत नव्हतं, माझ्याच फोनचं आता करून पाहिलं, बरोबर निघाला. तरी माझं मत नाही बदललं. हिंगणा रोडवाल्या भाऊ, तू १२ वर का अडून बसला, तुझ्या भावाने तो सुचवला म्हणून? सेकंडहँड म्हणजे फक्त आयफोन नाही. सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून सात वर्षं अपडेटचं वचन दिलं आहे, गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून. दोन वर्षं वापरलेला असा फोन घेतला तरी चार-पाच वर्षांचं अपडेट बाकी राहते अन् ताकद पण राहते. बजेट थोडं वाढव, नाहीतर सहा महिने थांब.

हिंगणा रोडवाला:
थांबता येत नाही दादा, रेघा वाढून राहिल्या, अन् मे तोंडावर आला. पण हा मुद्दा चांगला आहे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. रविवारी बर्डीला जातो, नवे दोन अन् एखादा वापरलेला पण हातात घेऊन पाहतो. रिपेअरवाले दादा, स्क्रीनचं कसं तपासायचं, खोक्यावर तर उजेडाचा आकडा ३००० निट्स, ४५०० निट्स लिहितात?

बर्डीचा रिपेअरवाला:
तो आकडा एचडीआर, म्हणजे जास्त चमकणाऱ्या खास व्हिडिओत, स्क्रीनच्या छोट्याशा भागासाठी असते, पूर्ण स्क्रीनचा उन्हातला आकडा वेगळा अन् बराच कमी, तो विचारा. सकाळी नका येऊ, एक वाजता या. दुकानदाराला सांगून फूटपाथवर उन्हात न्या, ब्राइटनेस ऑटोवर, मॅप लावा, दहा मिनिटं तसाच धरा. स्क्रीन किती उतरली अन् पाठ किती तापली ते हातालाच कळते. जो दुकानदार बाहेर नेऊ देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

जुनं ते सोनं:
मी पण येतो एक वाजता. वापरलेला पाहायचा असेल तर मी पाहून देतो, नवा घेतला तरी चालेल.