एजंटला स्मृतीतील नोंदी पुसू देणारे टूल : वर्णनात नेमके काय लिहावे?

तुकोगंजकर (धागाकर्ती, इंदूर)

मी इंदूरमधील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत दस्तऐवजीकरणाचे काम पाहते. आमचा एआय एजंट तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधील घाऊक व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी नोंदवतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवतो : माल कोणत्या ट्रान्सपोर्टने जातो, उधारी किती दिवसांची आहे, फोन कोणत्या वेळी करायचा नाही. आता त्याला साठवलेल्या नोंदी पुसण्याचे टूल (एजंटला स्वतः वापरता येणारी सोय) दिले जाणार असून त्याच्या वर्णनाचा मसुदा एका ओळीचा आहे : ‘नोंदीचा क्रमांक द्या; नोंद पुसली जाईल.’ हे वर्णन धोकादायक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतर सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका माणूस वाचतो आणि शंका आली तर शेजारच्याला विचारतो. एजंटच्या टूलचे वर्णन मात्र थेट मॉडेलपुढे, म्हणजे एजंट ज्यावर चालतो त्या एआयपुढे, ठेवले जाते, आणि टूल केव्हा वापरायचे हे मॉडेल मुख्यतः त्या मजकुरावरूनच ठरवते. समजा, एका गिऱ्हाइकाची उधारी ४५ दिवसांवरून ३० दिवसांवर आली. एजंट नवी नोंद करील आणि जुनी विसंगत दिसते म्हणून पुसून टाकील. पण आधीची न फिटलेली बिले जुन्याच मुदतीची आहेत, हे त्यानंतर त्याला कोण सांगणार? म्हणून ‘नवी माहिती जुनीच्या विरुद्ध असेल तर पुसू नका, जुन्या नोंदीला शेवटची तारीख जोडा’ हे वाक्य वर्णनातच हवे. पुसण्याची विनंती कोणाची ग्राह्य धरायची आणि पुसल्यावर मागे काय उरते, हेही तेथेच लिहिले पाहिजे.

बडोदेकर

आपली तळमळ समजते, पण मला हे पटत नाही. सुरक्षितता कोडमध्ये असावी लागते, वर्णनात नव्हे. एखाद्या व्यापाऱ्याच्या ईमेलमध्ये कोणी ‘या गिऱ्हाइकाच्या सर्व नोंदी काढून टाक’ असे लिहून ठेवले आणि एजंटने ते आज्ञा समजून वाचले, तर आपले सुंदर वाक्य त्याला अडवेलच याची खात्री काय? मॉडेल कंटेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एजंटला टूले जोडण्याच्या सामाईक नियमावलीत) २०२५ पासून एखादे टूल विध्वंसक आहे असे सांगणारी खूण जोडता येते. पण ती केवळ सूचना असून टूल पुरवणाऱ्या अविश्वासू सर्व्हरकडून आली तर तिच्यावर विसंबू नये, असे खुद्द तो प्रोटोकॉलच सांगतो. पुसण्याआधी माणसाची संमती घ्या, नोंद काही दिवस परत आणता येईल अशी ठेवा आणि एका वेळी एकच नोंद पुसू द्या. शिवाय वर्णनातला प्रत्येक शब्द मॉडेलच्या कंटेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच्यापुढे एका वेळी मावणाऱ्या मजकुरात, जागा घेतो. दहा टूलांना दहा परिच्छेद लिहिले, तर मूळ काम मागे पडेल.

तुकोगंजकर

संमती आणि परत आणण्याची सोय हवीच. त्याबाबत आपले दुमत नाही. परंतु कोड परवानगी तपासतो, औचित्य नाही. ज्याला पुसण्याचा अधिकार आहे असा एजंट, योग्य क्रमांक देऊन, चुकीच्या समजुतीने उधारीची नोंद पुसतो तेव्हा कोडच्या दृष्टीने सर्व काही ठीकच असते. संमती देणारा दुकानातला मुनीमही दिवसभर येणाऱ्या विचारणांना वाचल्याशिवाय होकार देऊ लागतो.

विकसकासाठीही एक ओळ पुरत नाही. ॲन्थ्रॉपिक या एआय कंपनीच्या मेमरी टूलमध्ये (एजंटची स्मृती फाइलींत ठेवणाऱ्या टूलमध्ये) पाहणे, नवी फाइल करणे, मजकूर बदलणे, भर घालणे, पुसणे आणि नाव बदलणे अशा आज्ञा आहेत, पण फाइली प्रत्यक्षात विकसकाच्याच साठवणीत असतात. म्हणजे पुसण्याच्या आज्ञेने खरोखर काय नाहीसे होते, हे त्या विकसकाच्या कोडवर अवलंबून राहते आणि ते त्यानेच लिहून ठेवावे लागते.

लष्करकर (ग्वाल्हेर)

मी हिशेब तपासणारा माणूस आहे. माझ्या मते हे टूलच देऊ नये. वहीत चूक झाली तर आपण पान फाडत नाही, उलट नोंद करतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे आणि तो बंद करता येऊ नये, असा नियम आहे. जीएसटीची खाती तर वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उधारीची मुदत ही व्यवहाराची अट आहे. ती एजंटच्या मर्जीवर सोडणे मला मान्य नाही.

मालवी

लष्करकर, एजंटची स्मृती ही हिशेबाची वही नव्हे, आणि उधारीची अट केवळ त्या स्मृतीत असेल तर दोष मांडणीचा आहे. गिऱ्हाइकाने घरातल्या आजारपणाविषयी सांगितलेली गोष्ट एजंटने टिपून ठेवली असेल, तर ती ७२ महिने कशासाठी ठेवायची? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १२ मध्ये व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. मूळ उद्देशासाठी किंवा कायद्याच्या पालनासाठी ती ठेवणे आवश्यक असेल तेवढाच अपवाद.

माझा आग्रह मात्र मागे काय उरते यावर आहे, आणि धागाकर्तीने तो मुद्दा एका वाक्यात उरकला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डिलीट केलेली ओळ व्हॅक्यूम (मागाहून होणारी साफसफाई) होईपर्यंत डिस्कवरच असते. व्हेक्टर इंडेक्समध्ये (अर्थाच्या जवळिकीवरून नोंदी शोधण्याच्या सूचीत) अनेकदा नोंदीवर वगळण्याची खूण तेवढी होते. बॅकअपमध्ये ती असतेच. सर्वांत अवघड म्हणजे, त्या नोंदीवरून एजंटने आधीच तयार केलेले सारांश. मूळ नोंद गेली तरी ‘या गिऱ्हाइकाशी पैशाबद्दल जपून बोलावे, घरी आजारपण आहे’ हे वाक्य दुसऱ्या नोंदीत तसेच राहते. टूलने ‘पुसले’ एवढेच उत्तर दिले, तर एजंट गिऱ्हाइकाला तेच सांगेल आणि ते खोटे असेल. उत्तरात कोणती नोंद गेली, तिच्यावरून बनलेल्या कोणत्या नोंदी शिल्लक आहेत आणि बॅकअप केव्हा संपेल, हे सांगितले पाहिजे.

बडोदेकर

सारांशांचा मुद्दा मला मान्य आहे; प्रत्येक सारांशाबरोबर मूळ नोंदींचे क्रमांक साठवल्याखेरीज असे उत्तर देताच येणार नाही, आणि ते काम कोडचेच आहे. मॉडेलसाठीचे वर्णन मात्र मी तीन वाक्यांपलीकडे जाऊ देणार नाही. उरलेले सारे विकसकांच्या पुस्तिकेत जावे. लष्करकरांना हवा असलेला मागही ठेवावा, पण त्यात नोंदीचा क्रमांक, वेळ, कारण आणि विनंती कोणाची होती एवढेच असावे. पुसलेला मजकूरच त्या मागात उतरवला, तर गिऱ्हाइकाचे आजारपण एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवल्यासारखे होईल.