शब्दचर्चा : 'तदर्थभावनम्' मधला 'अर्थ' कोणता?

प्रश्न : योगसूत्रात (१.२८) 'तज्जपस्तदर्थभावनम्' असं आहे. अनुवादात बहुधा 'ॐकाराचा जप आणि त्याच्या अर्थाचं चिंतन' असं वाचायला मिळतं. पण एका अक्षराचा अर्थ किती वेळ घोळवणार? आणि 'भावन' म्हणजे भक्तिभाव का?

प्रतिसाद : घोटाळा 'अर्थ' या शब्दाने केला आहे. आपण 'अर्थ सांग' म्हणतो तेव्हा एका शब्दाच्या बदल्यात दुसरे शब्द मागतो. इथे तसं नाही. आधीचं सूत्र बघा : 'तस्य वाचकः प्रणवः', म्हणजे प्रणव (ॐकार) हे त्याचं, ईश्वराचं, नाव. ॐकार वाचक (नाव), ईश्वर वाच्य (ज्याचं ते नाव). योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात तर 'प्रणवाभिधेयस्य चेश्वरस्य भावनम्' (आणि प्रणव ज्याचं नाव आहे त्या ईश्वराचं भावन) असं सरळच म्हटलंय. म्हणजे अर्थ हा शब्दकोशातला नव्हे. शब्द ज्याचं नाव आहे, तोच इथे अर्थ.

'भावन' हे 'भू' धातूच्या प्रयोजक रूपावरून आलं. भू म्हणजे असणं, होणं. भावयति म्हणजे 'होईल असं करतो'. आजच्या मराठीत भावना म्हटलं की गळा दाटून येणं आठवतं, पण वैद्यांनी जुना अर्थ जपून ठेवलाय. चूर्णाला आवळ्याच्या रसाची भावना देतात : रस घालून खलायचं, वाळलं की पुन्हा रस, पुन्हा खल, रस अंगी मुरेपर्यंत. सूत्रातलं भावन हे मनाला दिलेलं असं पुट आहे. मन भरून आलं तर उत्तम. नाही आलं म्हणून भावन झालं नाही, असं नव्हे.

प्रश्न : मग अर्थ न कळता म्हटलेला मंत्र फुकट का?

प्रतिसाद : हा वाद यास्काच्या आधीचा. 'अनर्थका हि मन्त्राः' (मंत्रांना अर्थ नसतो) हे कौत्साचं मत यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या आपल्या ग्रंथात, नोंदवलंय आणि मग खोडलंय. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला तिथे 'स्थाणुरयं भारहारः' म्हटलंय. नुसता ओझं वाहणारा खांब! मला हे जरा कठोर वाटतं. स्वर, मात्रा सांभाळण्यातही मन एकाग्र होतंच. पण त्या एकाग्रतेला अर्थभावन म्हणता येणार नाही, एवढं खरं.

प्रश्न : ओठ हलतात पण आवाज नाही, अशा जपाला शब्द आहे का? 'पुटपुटणं' फार हलकं वाटतं.

प्रतिसाद : उपांशु. मोठ्याने तो वाचिक, मनातल्या मनात तो मानस. मनुस्मृतीत (२.८५) विधियज्ञापेक्षा (विधीप्रमाणे केलेल्या यज्ञापेक्षा) जपयज्ञ दहापट, उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ सांगितलाय. 'अजपा' मात्र या उतरंडीत बसवू नका. अजपा म्हणजे जपाचा अभाव नव्हे, तर न करता चाललेला जप : श्वासाबरोबर 'हंसः', उलट ऐकलं तर 'सोऽहं'. परंपरेने दिवसाचे श्वास २१,६०० धरले आहेत, म्हणून जपाची संख्याही तीच.

मूळ प्रश्नकर्त्यासाठी आणखी एक. अनुवादातला 'आणि' सूत्रात नाही. 'च' (आणि) भाष्यकारांनी घातलाय. सूत्रात जप आणि अर्थभावन ही दोन पदं नुसती शेजारी ठेवली आहेत. त्यामुळे 'त्याचा जप म्हणजेच त्याच्या अर्थाचं भावन' असंही कुणी लावेल. व्याकरण आड येत नाही, पण मी भाष्याबरोबर राहीन : तोंडाने जप चालू असतो आणि भावन राहून गेलेलं असतं, हे रोज घडतं. दोन्ही एकच असती तर असं झालं नसतं.