ओरिगामी: गुलाबाच्या ट्विस्टला कागद फाटतोय, कुठला कागद घ्यावा?

नांगरहोडी:
नमस्कार मंडळी. पोरीला सुट्टीत काहीतरी उद्योग म्हणून ओरिगामी सुरू केलं होतं, आता पोरीनं सोडलंय आणि मला लागलंय. रात्री जेवणं उरकली की घड्या घालत बसतो, बायको म्हणते निदान कपटे तरी उचल. क्रेन पक्षी, उडी मारणारा बेडूक, लिली, फुगा हे सगळं न बघता जमतं. पण कावासाकी रोझवर, म्हणजे घड्यांच्या गुलाबावर, गाडी अडलीय. आधीच्या घड्यांची जाळी व्यवस्थित पडते, पुढे मधला भाग फिरवून ट्विस्ट द्यायची वेळ आली की जिथे घड्या एकमेकींना छेदतात नेमकी तिथेच बारीक भोकं पडतात, आणि लाल कागद असला तर सगळ्या कडा पांढऱ्या फटक दिसायला लागतात. कागद म्हणजे आपला शाळेतला घोटीव कागद, नाहीतर ए-फोरमधून कापलेला चौकोन. जपानी कागद ऑनलाइन बघितला, किंमत बघून गपचूप टॅब बंद केला. इथल्या दुकानात मिळेल असा कागद सांगा, आणि कागद बदलून भागणार आहे की माझा हातच जड आहे तेही सांगा.

कागदवेडी:
घोटीव कागद आधी बाजूला ठेवा. त्याचा रंग आणि चकाकी वरून चढवलेली असते, आतून तो पांढराच, घडी पडली की वरचा थर तडकणार आणि पांढरी रेघ दिसणार, त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. झेरॉक्सच्या कागदाचं दुखणं वेगळं आहे. त्यात तंतू आखूड आणि भर म्हणून चुन्याच्या जातीची पांढरी पूड घातलेली, छपाईला झकास, पण तीच घडी तीनचारदा उलटसुलट केली की मान टाकतो.

स्वस्तात हवं तर वह्यांना घालायचा खाकी कागद आणा. क्राफ्ट पेपर म्हणतात तोच. हल्ली प्लॅस्टिक चढवलेला मिळतो तो नको, जुना साधा, ज्याच्या एका बाजूला बारीक रेघा दिसतात तो. त्यातले तंतू लांब आणि चिवट असतात, सिमेंटच्या कागदी पिशव्या उगाच त्याच्या करत नाहीत. ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ७०-८० ग्रॅम) रोल आणला की वर्षभर बघायला नको. लाल गुलाबच हवा असेल तर चौकोन कापायच्या आधी पातळ अ‍ॅक्रिलिकचा एक हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. मला विचाराल तर खाकी गुलाबच जास्त देखणा दिसतो.

आणि १५ सेंमीच्या चौकोनावर गुलाब शिकू नका हो. २५ तरी घ्या. बोटं मावायला पाहिजेत ना.

सदाशिव_घडी:
वरच्या प्रतिसादाला +१, पण अर्धी गोष्ट राहिली. मशीनवरच्या कागदाला दिशा असते, तंतू बहुतेक एकाच बाजूनं झोपलेले असतात. चौकोन हातात धरून न दुमडता नुसता वाकवून बघा, एकदा आडवा एकदा उभा, ज्या बाजूनं सहज वाकतो ती घडी तंतूंच्या रेषेत. तंतूंच्या रेषेतली घडी सुरेख पडते, आडवी घातली की किंचित खरबरीत. गुलाबात दोन्ही बाजूंनी घड्या येतात त्यामुळे यातून सुटका नाही, पण निदान कुठली घडी त्रास देणार ते आधी कळतं.

पावसाळ्यात तर हे ठळक दिसतं. दमट हवेत कागद तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतो, म्हणजे मे महिन्यात मापून कापलेला चौकोन जुलैत चौकोन राहत नाही. कोकणातल्यांनी गठ्ठा कापून ठेवू नये, लागेल तसा कापावा.

भोकांबद्दल: जाळी पाडताना प्रत्येक घडी या कडेपासून त्या कडेपर्यंत नख मारून घट्ट करत असाल. गरज नाही. जेवढा तुकडा लागणार आहे तेवढाच दाबा, छेदाच्या जागी हात हलका ठेवा. छेदावर चारी बाजूंनी नख फिरलं की तिथले तंतू आधीच तुटलेले असतात, ट्विस्टच्या वेळी फक्त ते दिसतं. ट्विस्ट देताना पण एक बाजू पुढे रेटू नका, चारही पाकळ्यांच्या घड्या थोड्या थोड्या एकदम आत घ्यायच्या, कागद आपणहून फिरायला लागतो.

टपरीवरचा_चहा:
आमच्या वेळी साधी होडी, शिडाची होडी, विमान आणि मागच्या बाकावरून वाजवायचा फटाका एवढंच होतं आणि वहीच्या मधल्या पानाला जीएसएम विचारायची कुणाची टाप नव्हती. गंमत बाजूला, पण मोठी माणसं एवढा जीव टाकतात यात असं आहे काय?

खडू_फळा:
@टपरीवरचा_चहा, घरात क्रेन असेल तर पंख उघडायच्या आधी, चपटा असताना परत पूर्ण उलगडा आणि कागदाच्या आतल्या कुठल्याही एका छेदबिंदूपाशी या. तिथून निघणाऱ्या ज्या घड्या वर उठल्यात त्या लाल पेननं आणि ज्या खाली गेल्यात त्या निळ्या पेननं गिरवा. मॉडेलमध्ये न वापरलेल्या, नुसत्या खुणेपुरत्या घड्या सोडून द्यायच्या. मग मोजा. दोन्हींतला फरक दोनच येणार, दुसरा बिंदू घ्या, तिथेही दोन. हा माएकावाचा नियम. त्याच बिंदूभोवतीचे कोन एकाआड एक घेऊन बेरीज केली तर १८० अंश, हा कावासाकीचा, धागाकर्त्याचा गुलाबवाला कावासाकी तो हाच, गणिताचा माणूस. नववीच्या वर्गात मी हे करून घेतो, जी पोरं भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर बघतात तीच कोनमापक मागायला येतात.

आणखी एक करून बघा. चौकोनाच्या वरच्या कडेचा मध्य काढा, खालचा उजवा कोपरा उचलून बरोब्बर त्या मध्यावर ठेवा आणि दुमडा. आता मूळची खालची कड तिरकी होऊन डावी कड कापते, तो बिंदू डाव्या कडेचा खालून बरोबर एक तृतीयांश. पट्टी नाही, मोजमाप नाही, अंदाज तर नाहीच. हे हागा नावाच्या जपानी जीवशास्त्रज्ञानं दाखवलं. आपल्याकडेही १८९३ साली मद्रासला टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांमधून भूमिती असं अख्खं पुस्तक लिहिलं होतं आणि फेलिक्स क्लाइनसारख्या बड्या जर्मन गणितज्ञानं त्याची दखल घेतली. आपल्याच लोकांना मात्र पत्ता नाही. आणि आपल्या अनिल अवचटांनी काय कमी कामं अंगावर घेतली होती? तरी पोरं दिसली की खिशातून कागद निघायचाच.

टपरीवरचा_चहा:
केलं. वीजबिलाच्या मागच्या बाजूवर. एक तृतीयांश आलं, पट्टीनं तपासलं. शब्द मागे घेतो.

नांगरहोडी:
सगळ्यांचे आभार. खाकी कागदाचा रोल आणला आणि काल रात्री ट्विस्ट एकदाचा पार पडला, एकही भोक नाही! नख न मारणं अवघड जातं पण, हाताला सवय लागलीय. आता नवीन भानगड: पाकळ्या वळवून ठेवल्या की सकाळपर्यंत परत उघडतात, गुलाबाचा कोबी होतो. गोंद लावला तर चालतं का, की ते पाप?

कागदवेडी:
पाप वगैरे काही नाही पण गोंदाचे डाग दिसतात. वेट फोल्डिंग करा, म्हणजे कागद ओलसर करून घड्या घाला. जपानी ओरिगामीकार योशिझावांची युक्ती आहे ही, ज्यांनी घडीच्या आकृत्यांमधले तुटक रेषा आणि बाण रूढ केले तेच, आधी कारखान्यात कामाला होते आणि तिथल्या नव्या पोरांना घड्या घालून भूमिती शिकवायचे. कागद बनवताना त्यात जी खळ घातलेली असते ती ओलसर झाली की सैल पडते आणि वाळली की परत धरते, त्यामुळे ओला असताना दिलेला बाक तसाच राहतो. जाड कागदावर हे जास्त छान होतं, पुण्यात असाल तर हातकागद संस्थेचा १२०-१५० जीएसएमचा घेऊन बघा, पण गुलाब खाकीवर पक्का बसल्यावरच.

खाकीला ओला करायचा म्हणजे भिजवायचा नाही. सुती फडकं घट्ट पिळून कागदावरून फिरवायचं, हाताला थंड लागला पाहिजे पण चमकता कामा नये. चमकला तर थांबा, सुकू द्या, नाहीतर छेदाच्या जागा परत फाटतील. पाकळ्या पेन्सिलीवर गुंडाळून वळवा आणि वाळेपर्यंत कपड्यांचे छोटे चिमटे लावून ठेवा.

सदाशिव_घडी:
चिमट्याखाली कागदाचा कपटा ठेवा, नाहीतर दात उमटतात. आणि पंखा बंद.