धुता येणारा केबिन फिल्टर घ्यावा का?

चक्रधर:
गाडीचा केबिन फिल्टर बदलायला आलाय. केबिन म्हणजे ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो तो, एसीच्या हवेचा, इंजिनचा नव्हे (लोक हमखास गल्लत करतात म्हणून आधीच सांगितलं). माझा कल धुता येणाऱ्याकडे आहे. साधा फिल्टर दिसतो कागदासारखा पण असतो प्लास्टिकच्या धाग्यांचा, कुजत नाही, आणि दरवर्षी एक कचऱ्यात. त्यापेक्षा एकदाच घ्या, धुवा, वाळवा, लावा. विरोध असेल तर कारण द्या, नुसतं "ओरिजिनलच घ्या" नको.

धुरकट:
आहे ना विरोध. चांगल्या डिस्पोजेबल फिल्टरच्या धाग्यांवर बनवतानाच स्थिर विद्युतभार दिलेला असतो, त्यामुळे छिद्रांपेक्षा कितीतरी बारीक कणसुद्धा धाग्याला चिकटतात आणि हवेलाही फारसा अडथळा होत नाही. साबण, अल्कोहोल लागलं की हा भार उतरतो, म्हणून साधा फिल्टर धुऊन वापरणारे स्वतःचीच फसवणूक करतात, दिसतो कोरा करकरीत, पण बारीक कण सरळ आरपार. आणि जे मुद्दाम धुण्यासाठी बनवतात ते बहुतेक फोम नाहीतर कापडी जाळी. परागकण बहुतेक १० मायक्रॉनच्या वरचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते अडतील. डिझेलच्या धुरातली काजळी १ मायक्रॉनच्याही खाली, तिचं काय?

कच्चा रस्ता:
धुरकटराव, तुमचं सगळं शहरातल्या ट्रॅफिकसाठी बरोबर आहे हो, पण मातीच्या रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याचा तो भारी फिल्टर बघता बघता चोंदतो, ब्लोअर चारवर ठेवला तरी तोंडावर हवा येत नाही, काच धूसर झाली की लवकर साफ होत नाही, मग १५ हजार किमीची वाट कोण बघतंय, सारखा नवा आणायचा का? इथे धुता येणाराच कामाचा. धूळ मोठी असते, अडते. मी चक्रधरच्या बाजूने.

ओलावा:
धुणं सोपं, वाळवणं नाही. घड्यांच्या तळाशी बोट लावून बघा, वरून खडखडीत आणि आत दमट. तसाच बसवला की बुरशी, आणि पुढे एसीची कॉईल मुळातच ओली असते. मग एसी चालू केल्या केल्या जो कुबट वास येतो त्याचं खापर गॅसवर फोडायचं. पूर्ण वाळेपर्यंत गाडी बिनफिल्टरची फिरवणार की दुसरा जोड ठेवणार? कार्बनवाला (वास शोषणारा) तर धुवायच्या भानगडीत पडूच नका, कार्बनच्या छिद्रांत बसलेला वास पाण्याने निघत नाही.

चक्रधर:
दुसरा जोड ठेवीन की, त्यात काय! आणि काहींसोबत धुतल्यावर मारायचा स्प्रे येतो, भार परत येतो म्हणे.

धुरकट:
"म्हणे" वर माझा विश्वास नाही. घ्यायचाच तर दोन गोष्टी विचारा: किती मायक्रॉनचे कण किती टक्के अडतात, आणि हा आकडा कोऱ्याचा की धुतलेल्याचा. केबिन फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ १११५५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याप्रमाणे तपासलाय का तेही. घरात दमा किंवा ॲलर्जीवालं कोणी असेल तर मी एवढंही विचारणार नाही, सरळ डिस्पोजेबल.

कच्चा रस्ता:
कडा पण बघा. फ्रेम खाचेत घट्ट बसत नसेल तर हवा बाजूनेच जाते, मग धुता येणारा काय आणि महागातला काय. आणि फ्रेमवरचा बाण हवेच्या दिशेने, उलटे बसवलेले खूप बघितलेत.

चक्रधर:
मी बघत होतो त्याच्या खोक्यावर "९९ टक्के धूळ रोखतो" एवढंच छापलंय, मायक्रॉनचा पत्ता नाही. विक्रेत्याला मेल टाकलाय. उत्तर येईपर्यंत साधा बसवतो, पण कचऱ्याच्या मुद्द्यावर तुमच्यापैकी एकानेही काही उत्तर दिलेलं नाही हं.