व्हीएमच्या (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकाच्या) डिस्कला लॉजिकल सेक्टर (वाचण्या-लिहिण्याचा व्हीएमला दिसणारा लहानात लहान तुकडा) ४०९६ बाइटचा द्यावा की ५१२च ठेवावा?

मांडवीकाठ: क्यूईएमयूत (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामात) नवी व्हीएम उभारताना लॉजिकल आणि फिजिकल (डिस्क आत प्रत्यक्ष लिहिते तो तुकडा), दोन्ही ब्लॉक साइझ ४०९६ द्याव्यात. होस्टची (खऱ्या संगणकाची) डिस्क ४के नेटिव्ह (फक्त ४०९६चेच सेक्टर घेणारी) असेल आणि गेस्टने (व्हीएममधल्या सिस्टिमने) ५१२ बाइट लिहिले, तर आधी ४०९६ वाचायचे, त्यात बदल करायचा, मग सगळे परत लिहायचे. वेग जातोच, शिवाय ते लिखाण अर्धवट राहिलं तर शेजारचे सात सेक्टरही गोत्यात. मिरगाच्या पहिल्या वाऱ्यात म्हापशापासून काणकोणपर्यंत लाइट कशी जाते, ते सांगायला नकोच.

फोंडेकर: लाइटीवर उपाय यूपीएस, सेक्टर नव्हे! लॉजिकल ५१२ ठेवा, फक्त फिजिकल ४०९६ सांगा. आजची पार्टिशनची (डिस्कचे भाग पाडणारी) साधनं १ एमआयबीवर अलाइन करतात (भागाची सुरुवात १ एमआयबीच्या पटीत ठेवतात), ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचा ब्लॉक सहसा ४०९६चाच, आणि एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम बनवताना फिजिकल आकडा बघून सेक्टर ४०९६ घेतला जातो. मग ५१२चं लिखाण उरतं किती? उलट लॉजिकल ४०९६ केलात की सीबायोस (व्हीएमचं जुन्या पद्धतीचं बूट फर्मवेअर) त्या डिस्कवरून बूट करत नाही, ओव्हीएमएफ (नव्या पद्धतीचं, ईएफआय फर्मवेअर) लागतं. आयडीई या जुन्या जोडणीची डिस्क तर ५१२शिवाय दुसरा आकडा घेतच नाही.

कुळागर: दोघेही मुख्य घोळाबद्दल बोलत नाहीत. जुन्या इमेजवर (व्हीएमच्या डिस्कच्या फायलीवर) लॉजिकल आकडा बदलला की पार्टिशन गायब दिसतात. जीपीटीचा (पार्टिशनच्या यादीचा) हेडर एलबीए १ वर (शून्यापासून मोजता सेक्टर क्रमांक १ वर) असतो. तो ५१२व्या बाइटवर लिहिलेला, आणि गेस्ट आता ४०९६व्यावर शोधतो. डेटा जागेवरच असतो. आकडा परत ५१२ करा, सगळं दिसेल. मात्र मधल्या वेळात कोणी घाबरून विंडोजचं ‘इनिशियलाइज’ दाबलं तर खरंच वाट लागते.
हलवायचंच असेल तर ४०९६ची कोरी डिस्क दुसरी म्हणून जोडा, नवे पार्टिशन पाडा, ईएफआयचं फॅट (बूटचं छोटं पार्टिशन) ४०९६ सेक्टरने फॉरमॅट करा, फायली आरसिंकने (फायली कॉपी करणाऱ्या साधनाने) न्या आणि बूटलोडर नव्याने बसवा. डीडीने (डिस्क बाइटन् बाइट उतरवणाऱ्या साधनाने) उचलून ठेवू नका. ५१२ सेक्टरने बनवलेलं एक्सएफएस तिथे माउंटच होणार नाही.

मांडवीकाठ: जुन्या इमेजबद्दल मान्य. पण नव्यात अडतं कुठे? विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२पासून ४के नेटिव्ह चालतं. ५१२ गृहीत धरणारा प्रोग्राम आज व्हीएममध्ये अडलेला बरा, उद्या खऱ्या डिस्कवर नको.

फोंडेकर: मग चाचणीच्या व्हीएमला द्या ना, बाब! दुकानाच्या हिशेबाच्या सर्व्हरवर कशाला? आणि देणारच असाल तर व्हर्टआयओ किंवा स्कझी जोडणीची डिस्क घ्या, रॉ (जशाच्या तशा बाइटांच्या) इमेजचा आकार ४०९६ने निःशेष भागला जाईल असा ठेवा, आणि इन्स्टॉलर सुरू करण्याआधी गेस्टमध्ये एलएसबीएलके या कमांडचे लॉजिकल-फिजिकल रकाने बघा. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणाऱ्या साधनात) हे आकडे ‘ब्लॉकआयओ’ टॅगमध्ये जातात.